नवाबाचं हिरवं डोकं

दुसरबीडच्या हायवेमागच्या गल्लीत माणिकराव बाहेकरांना नावानं कुणीच हाक मारत नाही. बायको 'अहो' म्हणते आणि बाकी सगळे 'कंट्रोलर साहेब'. नोकरीभर एसटीच्या एका स्थानकात माइकसमोर बसून त्यांनी गाड्या लावल्या आणि सोडल्या. ज्या गाडीचा पत्ता खुद्द ड्रायव्हरलाही नसे, ती 'थोड्याच वेळात फलाटावर लागत आहे' असं ते इतक्या ठामपणे सांगत की प्रवासी पिशव्या उचलून उभे राहत. एरवी ते चारचौघांसारखी वऱ्हाडी बोलत; पण काही दडवायची वेळ आली की तोंडून आपोआप माइकवरची शुद्ध मराठी बाहेर पडे. ही गोष्ट त्यांना स्वतःला सोडून सगळ्या गल्लीला ठाऊक होती.

तर पोळा झाला आणि शेजारचे अब्दुल गनी मधल्या भिंतीवरून डोकावले. गनीभाईंचं हायवेला गादीघर आहे. त्यांच्या बायकोच्या, अख्तरीभाभींच्या, गुडघ्याचं ऑपरेशन जालन्याला ठरलं होतं, आणि पुढं दिवाळीपर्यंत तिथंच लेकीकडे, कौसरकडे, राहायचं होतं. दुकान पुतण्या सांभाळणार होता, घराला कुलूप लागणार होतं. अडलं होतं ते बदकांपाशी.

"माणिकभाऊ, गल्लीतले बरेच जण मागून राह्यले होते," गनीभाई म्हणाले. "मी कोनालेच हो म्हटलं नाही. अख्तरी म्हनते, कंट्रोलर साहेबाच्या हाती देत असान तरच येईन जालन्याले. नाहीतर राहू द्या गुडघा तसाच. तिची अमानत हाये ही."

माणिकरावांना भरून आलं. निवृत्त झाल्यापासून लोकांनी त्यांच्याकडे साधी छत्रीसुद्धा सांभाळायला दिली नव्हती. त्यांनी गनीभाईंचा हात हातात घेतला आणि सांगितलं की जशी दिली तशी परत मिळतील, एक पीस इकडचं तिकडं होणार नाही. हे शेवटचं वाक्य त्यांनी बोलण्याच्या भरात टाकलं होतं, आणि तेवढं टाकलं नसतं तर पुढचं बरंचसं टळलं असतं.

बदकं सहा होती. त्यांतली पाच माद्या, मातकट तपकिरी, अंगभर ठिपके. सहावा नवाब. त्याचं डोकं असं हिरवंगार आणि चमकदार की उन्हात पाहताना डोळे बारीक करावे लागत. गळ्यात पांढरी पट्टी, आणि शेपटीवर दोन पिसं मुरडून वर आलेली. भाभींनी त्याला पिल्लापासून हातावर वाढवलं होतं, आणि तो त्यांच्या मागं घरभर फिरे.

बदकं भिंतीच्या अलीकडे आली आणि कामाची वाटणी झाली. चारापाणी, झाडलोट, चिखल हे खातं बायकोकडे, संजीवनीबाईंकडे, गेलं. देखरेख माणिकरावांनी स्वतःकडे ठेवली. ही देखरेख ते ओट्यावरच्या खुर्चीतून करत. संध्याकाळी बदकं खुराड्यात शिरताना ते मोजत, सहा भरली की दार लावण्याचा हुकूम देत. डेपोत गाडी आत घेताना तिचा चेहरा कुणी पाहत नाही, नग जुळला म्हणजे झालं, हा त्यांचा अनुभव होता आणि त्यांनी तो बदकांना लावला.

नवरात्र जवळ आलं आणि पिसं झडू लागली.

आधी अंगणात, मग ओट्यावर, मग पोळीच्या पिठात. अंडी बंद झाली. बदकांची रया गेली. पंख फाटक्या केरसुणीसारखे लोंबू लागले. माणिकराव हादरले, कारण 'एक पीस इकडचं तिकडं' हे शब्द त्यांना आठवले. स्थानकात सापडलेली वस्तू जमा करून घेण्याचा नियम असतो. त्यांनी तांदळाची रिकामी पिशवी घेतली आणि रोज सकाळी अंगणभर वाकून पीस न् पीस वेचायला सुरुवात केली. संजीवनीबाई म्हणाल्या की याच वाकण्यानं एखाद्या दिवशी अंगण झाडलं असतं तर बरं झालं असतं. असल्या टोमण्यांकडे लक्ष द्यायचं नसतं हे माणिकराव स्थानकातच शिकले होते.

गल्लीत सल्ला फुकट मिळतो आणि घरपोच मिळतो. समोरच्या जनकाबाईंनी पाहताक्षणी सांगितलं की ही नजर आहे, एवढी देखणी पाखरं उघड्यावर ठेवतात का. त्यांनी स्वतःच्या हातानं मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. बदकं शिंकली, जनकाबाई शिंकल्या, रस्त्यावरून जाणारा दूधवाला गाडी थांबवून शिंकला. पिसं झडतच राहिली, फक्त आता ती शिंकांमुळे लांबवर उडू लागली. नंतर जवसाची पेंड सुचवण्यात आली, मोहरीचं तेल सुचवण्यात आलं, आणि थंडी तोंडावर आली असताना नागडी पाखरं कशी राहतील म्हणून प्रत्येकाला एक स्वेटर, असंही जनकाबाईंनी सुचवलं. संजीवनीबाईंनी माप घ्यायला एक बदक धरलंही होतं. त्यानं त्यांची टेप गिळायला घेतली, म्हणून स्वेटर राहिले.

शेवटी माणिकराव जनावरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर दौऱ्यावर होते. त्यांच्या मदतनीसानं रजिस्टर उघडलं. त्यात गाय होती, म्हैस होती, शेळी आणि कोंबडी होती, बदकाला रकाना नव्हता. बराच विचार करून त्यानं 'कोंबडी (पोहणारी)' असं लिहिलं आणि एका वाक्यात निकाल दिला: बदकं थंडीच्या आधी जुनी पिसं टाकतात, नवी येतात, चांगलं खाऊ घाला. हवं असतं तर माणिकरावांना तिथं आणखी दोन प्रश्न विचारता आले असते आणि ही गोष्ट तिथंच संपली असती. पण पुढच्या माणसाची बकरी टेबलावर चढली होती. 'खाऊ घाला' एवढं धरून ते घरी आले.

आता त्यांची देखरेख खुर्चीतून खाली उतरली. ते बदकांत मिसळू लागले, आणि एक गोष्ट त्यांच्या कानांनी टिपली. सहांतल्या एका मादीचा घसा बसला होता. बाकीच्या खणखणीत ओरडत, हिचा मात्र फसफस असा दबका आवाज. बसलेल्या घशाचं दुःख माणिकरावांइतकं गल्लीत कुणाला कळणार? ऐन दिवाळीच्या गर्दीत माइकसमोर घसा गेला की ते ज्येष्ठमध चघळत. त्यांनी लगेच ज्येष्ठमधाचं पाणी करून त्या बिचारीसाठी वेगळ्या वाटीत ठेवायला सुरुवात केली. ती ते आनंदानं प्यायची, त्यांच्या मागंमागं फिरायची, आणि घसा काही सुटायचा नाही.

इकडे जालन्याला ऑपरेशन झालं. गनीभाईंचा फोन आला, आवाज उतरलेला. गुडघा ठीक होता, पण अख्तरीभाभी वाकवायला तयार नव्हत्या. रोज रडत, जेवत नव्हत्या, घरी न्या म्हणत. उद्यापासून व्हिडिओ लावतो, म्हणाले, तिला जरा नवाब दाखवा, तेवढाच तिचा जीव रमेल.

माणिकराव फोन ठेवून अंगणात आले आणि नवाबाला शोधू लागले.

सहा बदकं होती. सहाच्या सहा तपकिरी. त्यांनी परत मोजली, मग एकेकीला उचलून तोंड पाहिलं. हिरवं डोकं नव्हतं, गळ्यातली पट्टी नव्हती, मुरडलेली शेपटी नव्हती. ते घरात धावले आणि तांदळाची पिशवी जमिनीवर उलटी केली. तपकिरी पिसांच्या ढिगात बारीक हिरवी पिसं निघाली आणि दोन मुरडलेलीही निघाली. माणिकरावांनी ताबडतोब निष्कर्ष काढला. झटापट झाली होती. नवाबानं शेवटपर्यंत लढत दिली होती, आणि चोरानं त्याला नेऊन मोजणी जुळावी म्हणून जागेवर एक मादी सोडली होती. माणिकरावांची मोजण्याची सवय ओळखून असलेला हा कुणीतरी पोहोचलेला चोर होता.

संजीवनीबाईंचं म्हणणं सरळ होतं. "भाभीले खरं सांगून द्या न. मानूस हाये, समजून घेईन."

"ती जेवून नाही राह्यली अन मी तिले सांगू का नवाब गेला म्हनून?" माणिकराव म्हणाले. "माह्या भरोशावर गेली ते बाई."

त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. त्या रात्री त्यांनी भाकरीचं ताट तसंच परत केलं.

सकाळी ते चौकीत गेले. जमादार ओळखीचा होता, त्यानं खुर्ची दिली, चहा सांगितला, कागद पुढं ओढला.

"किती बदकं होते?"

"सहा."

"आता किती हायेत?"

"सहा."

जमादारानं पेन खाली ठेवलं. "मंग चोरीले गेलं काय?"

माणिकरावांनी शुद्ध मराठीत अदलाबदलीचा सिद्धांत मांडला. जमादारानं तो शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि खात्री करून घेण्यासाठी परत सांगितला. "म्हंजे चोर आला, एक बदक नेलं, अन जाता जाता एक बदक देऊन गेला. कंट्रोलर साहेब, हा चोर सापडला तर माह्या घरी पाठवा. माही मोटरसायकल लय जुनी झाली."

चहा न पिता माणिकराव उठले. अपमान झाला की ते चहा घेत नाहीत.

मग संशय कडूबावर गेला. कडूबाचा हायवेला ढाबा आहे आणि पोळ्याच्या दिवशी भिंतीवरून नवाबाकडे पाहून तो 'काय तब्येत हाये' असं म्हणाला होता. माणिकराव दुपारी ढाब्यावर जाऊन बसले, रस्सा मागवला आणि चमच्यानं तळ ढवळू लागले. कडूबा लांबून पाहत होता. शेवटी जवळ येऊन त्यानं विचारलं की केस निघाला का. माणिकरावांनी विचारलं की सदर पदार्थातील प्राणी कोणता आहे. शुद्ध मराठी ऐकताच कडूबाला कळलं की प्रकरण गंभीर आहे. तो आत गेला, कोंबडीचा एक पाय आणून त्यांच्या ताटात ठेवला आणि म्हणाला की बोटं मोजून घ्या, बोटांच्या मध्ये पडदा दिसतो का पाहून घ्या, नंतर जेवा. पडदा नव्हता. माणिकरावांना इतकी शरम वाटली की त्यांनी दोनदा रस्सा मागून घेतला.

व्हिडिओचे पहिले काही दिवस त्यांनी मारून नेले. रेंज नाही, उजेड नाही, नवाब विश्रांती घेत आहे. एकदा तर 'नवाब थोड्याच वेळात अंगणात येत आहेत' असं सांगून त्यांनी फोन बंद केला. दरम्यान त्यांनी सुलतानपूरचा बाजार गाठला. नवाबासारखा नवाब आणायचा, म्हणजे निदान भाभींचं जेवण तरी सुरू होईल, मग बऱ्या झाल्या की सगळं कबूल करायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. एका पाखरंवाल्याकडे बदकं होती, पण सगळी तपकिरी.

"नर पाह्यजे न? हा घ्या," म्हणत त्यानं एक मातकट बदक वर उचललं.

"हिरवं डोकं कुठं हाये याचं?"

"दिवाळीपर्यंत येऊन जाते."

माणिकरावांनी हा सूर लगेच ओळखला. 'थोड्याच वेळात फलाटावर लागत आहे' आणि 'दिवाळीपर्यंत येऊन जाते' यांत काडीचा फरक नव्हता. तोच ठामपणा, तीच निर्विकार मुद्रा. नोकरीभर जी थाप त्यांनी हजारोंना मारली, ती आज कुणी त्यांना मारायला निघालं होतं. त्यांनी पाखरंवाल्याला एका व्यावसायिकानं दुसऱ्याला करावा तसा नमस्कार केला आणि रिकाम्या हातानं परत आले.

त्या संध्याकाळी कौसरचा फोन आला. अम्मीनं सकाळपासून तोंडात घास घेतला नव्हता आणि उद्या काहीही करून नवाब दाखवा, अशी तिनं विनंती केली. माणिकरावांचा चेहरा पाहून संजीवनीबाईंचा जीव कळवळला, आणि जी कल्पना त्यांनी एरवी बोलूनही दाखवली नसती ती त्यांच्या तोंडून निघाली. कडूबाच्या बैलांच्या झुलीवर दर पोळ्याला संजीवनीबाईच वेलबुट्टी काढतात. या पोळ्याचा कापडाचा रंग उरला होता. हिरवा, चमकीचा. बाटलीवर लिहिलं होतं की कितीही धुतलं तरी जात नाही.

प्रश्न असा आला की रंगवायचं कुणाला. माणिकरावांना यात विचार करण्यासारखं काही दिसलं नाही. पुरुष म्हटला की आवाज आला. सहांत सगळ्यांत मोठ्यानं ओरडणारी, छाती काढून चालणारी जी होती तिला त्यांनी मांडीवर घेतलं. ज्येष्ठमधवाली बिचारी पायाशी फसफस करत घुटमळत होती. तिला त्यांनी हळूच बाजूला सारलं. संजीवनीबाईंनी बारीक ब्रशनं डोकं रंगवलं, पांढऱ्या रंगानं गळ्यात पट्टी काढली, आणि हात थांबेना म्हणून पट्टीखाली नाजूक वेलही काढली. शेपटीची मुरड मात्र काही केल्या बसेना, म्हणून शेपूट कॅमेऱ्यात आणायची नाही असं ठरलं.

व्हिडिओ लागला. पलंगावर टेकून बसलेल्या भाभींचा सुकलेला चेहरा दिसला. माणिकरावांनी फोन धरून घोषणा केली, "आपले लाडके नवाब आपणांसमोर उपस्थित आहेत."

भाभी पाहत राहिल्या. मग त्यांनी ओढणी तोंडावर धरली. चित्र थोडं हललं. गनीभाई म्हणाले, "ठीक हाये भाऊ, ती जेवून घेते आता," आणि फोन बंद झाला. रात्री कौसरचा निरोप आला की अम्मी पोटभर जेवली. माणिकरावांनीही बऱ्याच दिवसांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

आता रोजचा नेम सुरू झाला. रोज सकाळी नवाब हजर करायचा, भाभींनी ओढणी तोंडावर धरायची, गनीभाईंनी घाईघाईनं फोन ठेवायचा. आठवडाभर सगळं सुरळीत चाललं. मग एके दिवशी, माणिकराव नवाबाच्या प्रकृतीचा अहवाल सादर करत असताना, नवाब कॅमेऱ्यासमोर खाली बसला, मान ताठ केली, जरा थरथरला, उठला आणि बाजूला झाला. जागेवर एक अंडं होतं, पांढरं, स्वच्छ, हातात भरेल एवढं.

माणिकरावांनी अंड्याकडे पाहिलं. नोकरीत त्यांच्यावर अनेक बाके प्रसंग आले होते, पण अशा वेळी काय जाहीर करावं याचा नमुना महामंडळानं दिलेला नव्हता. "काही तांत्रिक कारणामुळे," एवढं ते म्हणाले. पडद्यावर भाभींचा चेहरा ओढणीत गेला, खांदे गदगदू लागले, त्यांनी पलंगाची कड घट्ट धरली, फोन कुठंतरी पडला आणि छताचा पंखा दिसू लागला.

माणिकराव ओट्यावर बसून राहिले. भाभींना सगळं कळलं होतं. ज्या बाईनं गुडघ्यापेक्षा बदकाची जास्त काळजी केली तिला त्यांनी रंगवलेली मादी दाखवली होती, आणि तिचं रडणं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या दिवसापासून त्यांनी गनीभाईंचे फोन घेणं बंद केलं. संजीवनीबाईंना सांगायला लावलं की साहेब बाहेरगावी गेले आहेत. त्या वेळी साहेब खुराड्याच्या मागं बसलेले असत.

त्यात नवीन संकट आलं. रंग पसरू लागला. एका सकाळी ज्येष्ठमधवालीच्या डोक्यावर त्यांना हिरवट ठिपके दिसले. सगळी बदकं एकाच टबात डुंबतात, रंगवलेलीचा रंग पाण्यातून हिला लागला असणार, हे उघड होतं. चारच दिवसांत ठिपक्यांचे पट्टे झाले. एका खोट्याची दोन खोटी झालेली माणिकरावांना परवडणारी नव्हती. त्यांनी बादली, कोमट पाणी आणि अंगाचा साबण घेतला आणि तिचं डोकं घासायला बसले. घासलं की हिरवं जास्तच चमके. मान घासली तर खालून पांढरी पट्टी निघाली. ते रोज घासत, आणि ती रोज शहाण्यासारखी बादलीत बसून फसफस करत त्यांच्याकडे पाहत राही. साबणानं तिची पिसं इतकी ओली राहू लागली की तिला गोणपाटात गुंडाळून उन्हात ठेवावं लागे. कडूबानं एकदा वाकून पाहिलं आणि आल्या पावली निघून गेला.

दिवाळी तोंडावर आली. थंडी पडायला लागली होती. बाकीच्या बदकांच्या अंगावर नवी, दाट, घट्ट पिसं आली होती, पण माणिकरावांना ती पाहायला सवड नव्हती. ते अंगणात उकिडवे बसून साबण लावत होते, तेवढ्यात गल्लीत ऑटो थांबला. काठी टेकत, सावकाश पण स्वतःच्या पायांनी, अख्तरीभाभी फाटकातून आत आल्या. मागून गनीभाई. भाभी बादलीपाशी थांबल्या.

"कंट्रोलर साहेब, नवाबाले किती घासून राह्यले," त्या म्हणाल्या. "तो रंग नाही जानार. तो खुदानं देला त्याले."

माणिकरावांच्या हातातला साबण सुटला. बादलीतून ती ज्येष्ठमधवाली बिचारी उडी मारून बाहेर पडली, अंग झटकलं, शेपटीवरची दोन कोवळी मुरडलेली पिसं हलवली आणि फसफस करत थेट भाभींच्या पायांशी गेली.

"हा नवाब?" माणिकराव म्हणाले.

"दरसाल हे दिवस आले का नवाबाचा थाट उतरते," भाभी म्हणाल्या. "डोकं बी बायकाइसारखं होते. थंडीच्या आधी पुन्हा येते. अन नराचा आवाज असाच ऱ्हायते, बसल्यावानी. बोंबलते त्या साऱ्या माद्या."

त्याच वेळी रंगवलेली मादी छाती काढून समोरून गेली आणि गल्ली दणाणून सोडणारा आवाज दिला. गळ्यातली वेल अजून जशीच्या तशी होती.

माणिकरावांनी उभं राहून 'आपणांस कळविण्यात येते की' अशी सुरुवात केली, पण पुढचं येईना. आयुष्यात पहिल्यांदाच माइकची मराठी त्यांना सोडून गेली. "भाभी, मी तुमच्याशी खोटं बोललो," ते म्हणाले. "तुम्ही माह्यावर सोडून गेल्या, अन मले तुमचा नवाबच ओळखू नाही आला. तुमाले रडवलं मी."

"रडली कोन?" गनीभाई म्हणाले. "अहो, ऑपरेशन झाल्यापासून ही ना जेवत होती, ना गुडघा वाकवत होती. तुमची ती हिरवी मादी पाह्यली अन हसली. दुसऱ्या दिवशी म्हनते, आधी फोन लावा, मंग कसरत करतो. मी कौसरले म्हटलं, खबरदार त्याइले काही सांगशीन तर. अंडं देल्लं त्या दिवशी तर हसता हसता पलंगाले धरून उभीच राह्यली. कौसर धावत आली."

"नवाब तर रोज तुमच्या मागंच उभा दिसे," भाभी म्हणाल्या. "वाटीतून काहीतरी पेत."

माणिकरावांना एकदम राग आला, मग लाज वाटली, मग दोन्ही एकदम वाटलं. गावात ज्यांच्या शब्दावर एसटी चालत असे अशा माणसाला दोन म्हाताऱ्यांनी आणि एका लेकीनं रोज सकाळी फुकटचा खेळ करायला लावला होता. यावर काहीतरी ताठ बोलायचं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तर भाभी काठी बाजूला ठेवून, ओट्याचा आधार घेऊन, गुडघा वाकवून नवाबाला उचलायला खाली बसत होत्या. तो गुडघा व्यवस्थित वाकला. माणिकरावांनी तोंड मिटलं आणि घरातून तांदळाची पिशवी आणून त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"एक पीस इकडचं तिकडं नाही झालं," ते म्हणाले.

भाभींनी पिशवीत हात घातला. वरच हिरवी पिसं होती, ती बोटांत धरून त्यांनी उन्हात फिरवून पाहिली. मग डोळे पुसून त्यांनी नवऱ्याला सांगितलं की उद्याच्या उद्या याची छोटी उशी भरा, गुडघ्याखाली घ्यायला. आणि माणिकरावांना त्यांनी ताकीद दिली की साबणानं नवाबाच्या पिसांचं तेल गेलं आहे, ते पुन्हा चढेपर्यंत त्याला पाण्यात सोडायचं नाही आणि ज्येष्ठमध बंद करायचा नाही, कारण त्याला आता त्याची चटक लागली आहे.

बदकं भिंतीपलीकडे परत गेली. माणिकराव अजूनही संध्याकाळी ओट्यावरून ती मोजतात, पण आता भिंतीवर वाकून एकेकाचं तोंड पाहून मग मान हलवतात.

राहता राहिली ती रंगवलेली. बाटलीवर लिहिलेला शब्द न् शब्द खरा निघाला. गनीभाईंनी धुऊन पाहिली, कडूबानं ढाब्यावरचा सोडा आणून दिला, हिरवं तसूभर हललं नाही. पुढच्या वर्षी जेव्हा पिसं झडतील तेव्हाच हे डोकं जाईल, असं भाभींनी सांगितलं. तोवर माणिकरावांचं खोटं रोज सकाळी गळ्यात वेल घालून त्यांच्या दारावरून जातं आणि जाताना मोठ्यानं ओरडतं. भाभींनी तिचं बारसंही केलं. आता गल्लीत जनकाबाई खुशाल सांगतात की आज कंट्रोलरनं दोन अंडी दिली, किंवा थंडीमुळे कंट्रोलर बसून आहे, आणि जमादार मोटरसायकल थांबवून कंट्रोलरची तब्येत विचारतो.

त्यातलं एक अंडं रोज भिंतीवरून माणिकरावांकडे येतं. पहिले काही दिवस ते त्याच्याकडे पाठ फिरवून बसले. परवा सकाळी कडाक्याची थंडी होती. भाभींनी भिंतीपलीकडून हात वर केला, हातात अजून गरम असलेलं अंडं होतं. माणिकराव उठले, ते घेतलं, दोन्ही तळव्यांत जरा धरलं आणि आतल्या दिशेनं म्हणाले, "अवो ऐकता का, जरा तवा ठेवा. मिरची बारीक चिरजा."